सुट्टीसाठीं बेट कोणतें निवडावें?

कंधारच्या मुलास समुद्र ठाऊक नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं. कारण आपल्या गांवच्या राष्ट्रकूटकालीन तलावासच आपण जगत्तुंग समुद्र म्हणतों. आपल्या भुईकोट किल्ल्याभोंवतीं खंदक आहे. तो पाण्यानें तुडुंब भरे त्या काळीं सारा किल्लाच एक बेट होत असला पाहिजे. परंतु खरा समुद्र आपणांपासून शेंकडों किलोमीटर दूर राहिला. मराठवाड्यांतील एकाहि जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. ‘बेट’ हा शब्द आपल्या कानीं पडतो तो बहुधा वेळूच्या बेटासंबंधानें, किंवा फार तर गोदावरीच्या पात्रांतील सराला बेटासंबंधानें. म्हणून सुट्टी जवळ आली आणि घरांत ‘यंदा एखादें सुंदर बेट पाहूं’ अशी गोष्ट निघाली, कीं निवड कशी करावी हेंच कोणास कळेनासें होतें. चित्रांत सगळींच बेटें सुंदर असतात. निळें पाणी, पांढरी वाळू आणि पाण्यावर वांकलेला माड! पण सोयाबीन विकून हातीं आलेल्या पैशांतला कांहीं भाग ज्या प्रवासावर खर्च व्हावयाचा, तो केवळ चित्र पाहून ठरविणें म्हणजे पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल.

विद्यार्थी मित्रहो, माझ्या मतें बेटाविषयीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं तेथें पिण्याचें पाणी कोठून येतें? हा प्रश्न आपल्यासारख्या दुष्काळी भागांतल्या माणसासच सुचावयाचा. मिरजेहून पांच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी १२ एप्रिल २०१६ रोजीं लातुरास आली, ती गोष्ट तुमचे पालक विसरले नसतील. बेटाची स्थिति तशीच, किंबहुना अधिक बिकट असते. चोहोंकडे अपार जल पसरलेलें. पण त्यांतली ओंजळभरहि घशाखालीं उतरत नाहीं. अशा ठिकाणीं मनुष्य शतकानुशतकें कसा राहिला, हें ज्यास कळलें त्यासच बेट कळलें.

यांतील शास्त्र सोपें आहे. एका पेल्यांत साधें पाणी व दुसऱ्यांत भरपूर मीठ विरघळविलेलें पाणी घेऊन दोहोंत एकेक अंडें सोडावें; पहिल्यांतलें बुडतें, दुसऱ्यांतलें तरंगतें. खारें पाणी गोड्या पाण्याहून जड, म्हणून असें घडतें. एक लिटर गोडें पाणी १००० ग्रॅम भरतें, तर तेवढेंच समुद्राचें पाणी सुमारें १०२५ ग्रॅम भरतें. वाळूच्या किंवा सच्छिद्र खडकाच्या बेटावर पडलेला पाऊस जमिनींत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो. या गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट उंच असेल, तर समुद्रपातळीखालीं सुमारें ४० फुटांपर्यंत गोडें पाणी असतें. आतां उपसा फार होऊन वरची पातळी एक फूट उतरली, कीं खालचें खारें पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढूं लागतें. आपल्याकडे उपसा अति झाला तर विहीर कोरडी पडते. तेथें ती खारट होते. आणि एकदां खारट झालेली विहीर एका पावसानें सुधारत नाहीं.

ही कसोटी हातीं धरून आपण एकेक बेट पाहूं.

लक्षद्वीप हें नांव हल्लीं फार ऐकूं येतें. तेथें ३६ बेटें असून सर्वांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. वस्ती दहा बेटांवर आहे. प्रवाळांच्या त्या बेटांत गोड्या पाण्याचा थर इतका पातळ, कीं कवरत्ती येथें २००५ सालीं समुद्राचें पाणी गोडें करणारें यंत्रगृह उभारावें लागलें. शिवाय बाहेरच्या माणसास तेथें जाण्यासाठीं परवाना काढावा लागतो, आणि आगबोटीसाठीं आधीं कोचीपर्यंत जावें लागतें. ज्या घरांत आजी-आजोबा व लहान भावंडें आहेत, त्या घरानें हा बेत तूर्त बाजूस ठेवावा.

घारापुरी त्या मानानें सोयीची. नांदेडहून तपोवन एक्सप्रेसनें मुंबईस जावें आणि दुसऱ्या सकाळीं गेटवेपासून लाँचनें निघावें. तासाभरांत बेट येतें. सोमवारीं मात्र लेणीं बंद असतात, हें विसरूं नये. सहाव्या शतकाच्या सुमाराचें तें मुख्य लेणें व त्यांतील सुमारें २० फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ति यांचें वर्णन करण्याचें सामर्थ्य माझ्या लेखणींत नाहीं. १९८७ सालीं जागतिक वारशांत या स्थळाची गणना झाली. परंतु मूर्ति पाहून झाल्यावर लेण्यांजवळचें खडकांत खोदलेलें टांकेंहि अवश्य पाहावें. ज्यांनीं मूर्ति घडविल्या त्यांनींच पावसाचें पाणी सांठविण्याचीहि सोय केली होती. नवलाची गोष्ट ही, कीं मुंबईच्या इतक्या जवळ असून या बेटावर कायमची वीज पोंचली ती २०१८ सालीं, समुद्राखालून तार टाकल्यावर!

येथें पालकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीस नौदलाची वेगवान नौका येऊन धडकली आणि दहाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. लाईफ जॅकेट अंगांत घातल्याखेरीज मुलांस कोणत्याहि होडींत बसूं देऊं नये. मन्याडच्या डोहांत पोहणाऱ्या मुलानेंहि आपल्या पोहण्याची फुशारकी तेथें मारूं नये. ओहोटीचा ओढा नदीसारखा एका कांठाहून दुसऱ्या कांठास नेत नाहीं. तो आंत नेतो.

मुरुडजवळील जंजिरा कित्येकांस अधिक आवडेल. जंजिरा हा शब्दच मुळीं अरबींतील ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दापासून आला. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांस कधींहि घेतां आला नाहीं. त्याचें एक कारण त्याच्या तोफा. पण तटाच्या आंत असलेले गोड्या पाण्याचे तलाव हेंहि कारण कमी महत्त्वाचें नव्हे. ज्याच्या घरांत पाणी आहे, त्याला वेढ्याची काय भीति?

आणि आतां माझी निवड सांगतों. ती मालवणच्या सिंधुदुर्गाची. जंजिरा हातीं येत नाहीं असें पाहून शिवाजी महाराजांनीं मालवणासमोरील कुरटे बेटावर नवा किल्ला बांधावयास घेतला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं काम सुरू झालें. त्याआधीं किनाऱ्यावरील ज्या खडकाजवळ पूजा झाली, तो ‘मोरयाचा धोंडा’ आजहि दाखवितात. तीन वर्षें काम चाललें. पायाच्या दगडांत शिसें ओतलें. बेट सुमारें ४८ एकर, तटाची लांबी सुमारें ३ किलोमीटर. दरवाजा असा लपविलेला, कीं होडी अगदीं जवळ येईपर्यंत तो नवख्यास दिसत नाहीं. आंत राजाराम महाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. २०२५ सालीं जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्ग एक आहे.

पण मला सर्वांत सुंदर वाटतात त्या तेथील तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ‘बाव’ हा संस्कृत ‘वापी’चा कोंकणी अवतार, आपल्याकडील बारवेची ती बहीण म्हणावी. भोंवतीं खारा समुद्र गर्जत असतां आंत गोडें पाणी! ज्या लोकांनीं विहिरींस दुधाचें, दह्याचें, साखरेचें नांव दिलें त्यांस पाण्याचें मोल कळलें होतें. तट कितीहि उंच बांधला असता, तरी या विहिरींवांचून तो किल्ला चार दिवस टिकता ना.

जाण्याचा मार्ग दोन प्रकारचा आहे. लातूर, सोलापूर, कोल्हापूर करीत फोंडाघाट उतरावा. किंवा मुंबईहून कोंकण रेल्वेनें कुडाळ गांठून पुढें मोटारीनें मालवणास जावें. मालवणच्या धक्क्यावरून होडीनें किल्ल्यास पोंचावयास थोडींच मिनिटें लागतात. पावसाळ्यांत होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीची सुट्टी उत्तम. मात्र दिवस पंचांग पाहून ठरवावा. अमावास्येस व पौर्णिमेस समुद्रास उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हां पाणी कमी चढतें, कमी उतरतें आणि ओढहि मंद असते. लक्ष्मीपूजन अमावास्येस येतें, तेव्हां तो दिवस घरींच बरा. भरतीची वेळ काढण्याचें कोळ्यांचें गणितहि गमतीचें आहे: तिथीची पाऊणपट करावी. मुंबईच्या बाजूस तें बरेंच जुळतें. मालवणास भरती थोडी आधीं येते. चतुर्थीस चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. कार्तिक शुद्ध अष्टमीस आठ पाऊण सहा. म्हणजे पहांटे सहाच्या व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती, आणि मधल्या दुपारीं ओहोटी. घरांतल्या लहानांनीं हें गणित आतांच करून ठेवावें आणि मालवणास पोंचल्यावर होडीवाल्या काकांकडून तपासून घ्यावें.