नवे पिल्लू आणि घरातील जुनी मांजरे

गोव्यातील जुन्या कौलारू घरांत मांजर हे बहुधा मुद्दाम पाळलेले नसते. भाताच्या कोठीस उंदरांचा उपद्रव असतो, मासळी निवडताना डोकी-शेपट्या उरतात, आणि या दोहोंच्या आधाराने ते पिढ्यान्पिढ्या घरात राहत आलेले असते. गाईम्हशींप्रमाणे त्यास दावण लागत नाही की वैरण लागत नाही. त्यामुळे त्याच्या संगोपनाचाही काही शास्त्रीय विचार असतो, इकडे सहसा लक्ष जात नाही. घरात दोन मांजरे असताना तिसरे पिल्लू आणले, तर ते टोपलीतून काढून सरळ माजघरात सोडले जाते आणि घरातील मंडळी आपापल्या कामाला लागतात. पुष्कळदा निभावूनही जाते. जेथे निभावत नाही तेथे मात्र जुने मांजर घर सोडून जाते, किंवा आठदहा दिवसांत घरातील मांजरे एकामागून एक आजारी पडतात.

यांपैकी पहिल्या संकटाचे मूळ मांजराच्या स्वभावात आहे. पाळीव मांजराचा पूर्वज, आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर, हा एकटा शिकार करणारा प्राणी होय. कुत्र्याप्रमाणे कळपात राहून थोरल्याचे वर्चस्व मानण्याची वृत्ती त्यास लाभलेली नाही. मांजर आपला मुलूख प्रामुख्याने वासाने ओळखते. दाराच्या चौकटीस, खांबास वा माणसाच्या पायास ते गाल घासते, त्या वेळी गालाजवळील ग्रंथींतील स्रावाची खूण तेथे उमटते. त्या परिचित वासांच्या वर्तुळात अकस्मात अनोळखी गंधाचा जीव उतरला, तर मांजराच्या दृष्टीने तो पाहुणा नसून घुसखोर ठरतो. पिल्लू लहान आहे, निरुपद्रवी आहे, ही माणसाची समजूत त्यास ठाऊक नसते.

दुसरे संकट रोगाचे, आणि ते अधिक घातक. फेलाइन पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य रोगात ताप, सतत उलट्या, हगवण व अन्नावरील वासना उडणे ही लक्षणे दिसतात. लस न टोचलेली पिल्ले तर काही वेळा लक्षणे ध्यानात येण्यापूर्वीच दगावतात. हा विषाणू जमिनीवर, गोणपाटावर वा भांड्यांवर अनुकूल परिस्थितीत वर्षभरही टिकून राहू शकतो. म्हणून बाहेरून आणलेले पिल्लू कितीही टवटवीत दिसत असले, तरी त्यास निदान चौदा दिवस स्वतंत्र खोलीत ठेवणे इष्ट. त्याची भांडी, अंथरूण व शौचाची रेती वेगळी असावी, आणि त्यास हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज जुन्या मांजरांस स्पर्श करू नये. पहिल्या दोन दिवसांतच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन जंत, पिसवा व कानांतील गोचीडसदृश किडे यांची तपासणी करून घ्यावी. पॅनल्युकोपेनिया व श्वसनमार्गाचे रोग यांवरील लस साधारणपणे आठव्या-नवव्या आठवड्यापासून सुरू करून तीनचार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. रेबीजची लस बाराव्या आठवड्याच्या सुमारास देतात. २०२१ मध्ये गोवा राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले असले, तरी ही लस चुकवू नये. अनोळखी पिल्लू चावले वा त्याने ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

येथे एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. रोगाच्या भीतीने खोली फिनेलने पुसण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. मांजराच्या यकृतास फिनॉलवर्गीय द्रव्ये निष्प्रभ करता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून आलेले मांजर पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते. उलट, पॅनल्युकोपेनियाचा विषाणू अशा द्रव्यांनी खात्रीने मरतही नाही. पाण्यात मिसळलेले ब्लीचिंगचे द्रावण अधिक उपयुक्त. ते दहा मिनिटे राहू द्यावे, मग फरशी स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि नंतरच मांजरास आत सोडावे. पॅरासिटामॉलची गोळीही मांजरास प्राणघातक ठरते, हे जाता जाता सांगितलेले बरे.

विलगीकरणाचे हे दिवस वाया जात नाहीत, कारण ओळख याच काळात व्हावयाची असते. पिल्लू निरोगी असल्याचे पशुवैद्यांनी सांगितल्यावर एका मऊ फडक्याने त्याचे गाल पुसावेत आणि ते फडके जुन्या मांजराच्या नेहमीच्या जागेपासून थोड्या अंतरावर ठेवावे. जुन्या मांजराचे फडके तसेच पिलाच्या खोलीत ठेवावे. प्रथम फिस्कारणे स्वाभाविक आहे. फडके हुंगून मांजर निर्विकारपणे निघून जाऊ लागले, की पुढचे पाऊल टाकावे. बंद दाराच्या दोन्ही बाजूंस दोघांचे जेवण एकाच वेळी मांडावे, आरंभी दारापासून दूर व पुढे रोज थोडे जवळ. मग दार किंचित किलकिले ठेवून, अथवा चौकटीस जाळी लावून, दृष्टिभेट घडवावी.

प्रत्यक्ष भेट पाचदहा मिनिटांचीच असावी. पिलास हातात धरून जुन्या मांजरापुढे नेणे ही सर्वांत सामान्य चूक होय. त्यामुळे दोघांचीही माघारीची वाट बंद होते आणि ओरखडे धरणाऱ्यास बसतात. जुन्या मांजरास कपाटाचा माथा वा खिडकीचा कठडा अशी उंच जागा मोकळी असावी, आणि पिलास शिरावयास खोके असावे. गुरगुरण्याबद्दल जुन्या मांजरास मारू नये. मार आणि पिल्लू यांची सांगड ते मनात घालते. कान मागे पाडून, नजर रोखून ते दबा धरू लागले, तर मध्ये पुठ्ठा धरून दोघांस वेगळे करावे आणि दोन दिवस पुन्हा दाराआडच्या जेवणावर यावे. कोठे हे आठवड्यात साधते, कोठे दोनतीन महिने लागतात. घाई केल्याने हा काळ वाढतोच.

या काळात सर्वांचे लक्ष पिलाकडे असते. ते खरे तर जुन्या मांजराकडे हवे. त्याचे खाणे दोन दिवस बंद झाले, तर दवाखान्यात न्यावे. बोका वारंवार लघवीस बसतो आणि थेंबही येत नाही, असे दिसल्यास त्याच दिवशी नेले पाहिजे. मानसिक ताणाने मूत्राशयास दाह होऊ शकतो, आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबल्यास दोनतीन दिवसांत मृत्यू ओढवतो. शौचाची पाटी एकच असेल व पिल्लू तिच्या वाटेत बसत असेल, तर जुने मांजर तिकडे जाणेच टाळते. म्हणून मांजरे जितकी, त्यांहून एक पाटी अधिक ठेवावी, आणि सर्व पाट्या एकाच न्हाणीघरात मांडू नयेत. पाणी व जेवणाची भांडीही निरनिराळ्या ठिकाणी असावीत.

दोन्ही मांजरांनी एकमेकांस चाटावे, एकाच पोत्यावर निजावे, अशी अपेक्षा मुलांची असते. तसे झाले तर उत्तमच. परंतु एक सोप्यावर आणि दुसरे राजांगणाच्या कठड्यावर पाठ फिरवून निश्चिंत झोपत असेल, तर ओळख पुरी झाली असे समजावे. पिल्लू मादी असेल, तर ती पाचसहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते. तत्पूर्वीच शस्त्रक्रियेची तारीख पशुवैद्यांकडून घेऊन ठेवावी.