प्रौढांना ऑनलाइन स्पॅनिश शिकवण्याचा व्यवसाय : भाषा येणे आणि शिकवता येणे

परकीय भाषेचे अध्यापन म्हटले की बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर अजूनही शाळेतील वर्ग, फळा आणि महिनाअखेरीचा पगार येतो. स्पॅनिशच्या अध्यापनाचा बराचसा भाग मात्र आता संध्याकाळी साडेसातनंतर, संगणकाच्या पडद्यावर, दिवसभर नोकरी करून थकलेल्या माणसांसमोर पार पडतो. स्पॅनिश ही 20 देशांची अधिकृत भाषा असल्याने लॅटिन अमेरिकेतील ग्राहकांशी व्यवहार करणारे कर्मचारी, स्पेनमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेले तरुण, तसेच ज्यांची मुले अमेरिकेतील शाळांत ही भाषा शिकतात असे तेथील मराठी आईवडील तिच्याकडे वळतात. या सर्वांना गरज आहे, पण सवड नाही, आणि चारचौघांत चुकण्याचा संकोच तर मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

या व्यवसायाची पूर्वतयारी युरोपीय भाषांच्या सामायिक संदर्भ चौकटीने मोजली जाते. ए1, ए2, बी1, बी2, सी1 आणि सी2 या तिच्या 6 पातळ्या असून पहिली प्राथमिक ओळखीची, तर शेवटची जवळजवळ पूर्ण प्रभुत्वाची आहे. ‘देले’ हे स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्व्हांतेस ही संस्था देत असलेले प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य राहते, तर ‘सिएले’ या संगणकावरील परीक्षेचे प्रमाणपत्र 5 वर्षे चालते. बी2 झाल्यावर आरंभीचे वर्ग घेणारे बरेच जण आढळतात. तथापि विद्यार्थ्याच्या अनपेक्षित प्रश्नाला निःशंकपणे उत्तर देता यावे यासाठी सी1 गाठणे अधिक योग्य. दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादमधील इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे स्पॅनिशमध्ये पदवी घेता येते. अन्य शाखेची पदवी घेत असतानाच एकेक पातळी पूर्ण करण्याचा मार्गही तितकाच प्रतिष्ठित आहे आणि चिंताग्रस्त पालकांच्या दृष्टीने तो अधिक सुरक्षित ठरतो.

मराठीभाषक शिक्षकापाशी एक भांडवल असते, ज्याची दखल पाठ्यपुस्तके घेत नाहीत. ‘मला कॉफी आवडते’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणतात आणि आंबे अनेक असल्यास ‘मे गुस्तान लोस मांगोस’. म्हणजे मराठीतल्या ‘आवडते’ आणि ‘आवडतात’ यांप्रमाणेच येथेही क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे न बदलता आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते. हीच रचना इंग्रजीच्या आधाराने शिकवली तर दोन तास खर्ची पडतात, आणि मराठीच्या आधाराने दहा मिनिटांत उमगते. भूतकाळाचेही तसेच आहे. ‘बिबिया’ म्हणजे ‘तो राहत असे’ आणि ‘बिबियो’ म्हणजे ‘तो राहिला’, हा भेद ‘राहत असे’ म्हणणाऱ्या भाषेतून आलेल्या माणसाला नव्याने शिकवावा लागत नाही, फक्त दाखवून द्यावा लागतो. याउलट मराठीच्या एकाच ‘असणे’ या क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे असल्यामुळे ‘एस्तोय आबुर्रिदो’, म्हणजे ‘मी कंटाळलो आहे’, असे म्हणू पाहणारा विद्यार्थी ‘सोय आबुर्रिदो’, म्हणजे ‘मी कंटाळवाणा आहे’, असे म्हणून बसतो. मराठी माणूस नेमका कोठे अडखळेल हे आधीच ठाऊक असणे, हीच या शिक्षकाची खरी पात्रता होय.

थेट वर्गाचे गणितही समजून घ्यावे. 6 विद्यार्थ्यांच्या एका तासाच्या वर्गात शिक्षक स्वतःच 40 मिनिटे बोलला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन मिनिटे येतात, आणि तेवढ्यावर कोणाचीही जीभ वळत नाही. म्हणून जाणता शिक्षक व्याकरणाचे विवेचन आधीच ध्वनिचित्रमुद्रित करून पाठवतो, प्रत्यक्ष तासात दोघादोघांना वेगळ्या आभासी खोल्यांत बोलायला लावतो आणि बोलणे मध्येच न तोडता चुका टिपून ठेवून शेवटी नावे न घेता सर्वांसमोर मांडतो. या पद्धतीस विलंबित दुरुस्ती म्हणतात; संकोची प्रौढाला बोलते ठेवण्यासाठी ती फार मोलाची आहे.

उत्पन्नाविषयी पालकांना स्पष्ट सांगणेच हिताचे. ए1 चे वर्ग भरतात, बी1 पर्यंत विद्यार्थी विरळ होतात, दिवाळीत आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस गळती वाढते, त्यामुळे पहिली दोन वर्षे या कामावर एकट्याने घर चालवण्याची अपेक्षा धरू नये. भाषांतर करणारी यंत्रे आल्याने निव्वळ शब्दार्थ सांगणाऱ्या शिक्षकाची गरज कमी होत जाईल हेही खरे. परंतु दुसऱ्याला धीर देऊन बोलते करणाऱ्याची जागा ती घेऊ शकलेली नाहीत.

तेव्हा महागड्या अध्यापन-प्रशिक्षणाचे शुल्क भरण्याआधी, बी1 झालेल्या मुलाने किंवा मुलीने घरातल्याच एखाद्या काकूला वा मामाला 8 आठवडे, आठवड्यातून दोनदा, पडद्यावरूनच शिकवून पाहावे. आठव्या आठवड्यात ती व्यक्ती स्वतःबद्दल न थांबता पाच वाक्ये बोलू शकली आणि नवव्या आठवड्याची वेळ तिनेच विचारली, तर पालकांनी पुढील शिक्षणाला निश्चिंत मनाने संमती द्यावी.