वर्षाचा शब्द

सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कुशीत, कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर पाटण हे गाव वसले आहे. याच तालुक्यात कोयनेचे प्रसिद्ध धरण आहे. ते बांधून पुरे झाल्याला थोडीच वर्षे लोटली होती. अशात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी या खोऱ्याला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. कोयनानगरातील आणि आसपासच्या खेड्यांतील घरे क्षणार्धात कोसळली. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. हजारो कुटुंबे ऐन थंडीत उघड्यावर आली. कोयनेच्या विजेवर चालणारे दूर मुंबईतील कारखानेही काही काळ थांबले.

आता अशी कल्पना करावी की, पाटणमधील एखाद्या शाळेच्या वर्गाने त्या वर्षाची आठवण एकाच शब्दात सांगण्याचे ठरविले आहे. तो शब्द कोणता असावा? ‘भूकंप’ असे उत्तर कोणीही चटकन देईल. परंतु ते उत्तर योग्य कसे, हे सिद्ध करून दाखवा असे म्हटले, तर मात्र प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. जगातील कित्येक देशांत कोशकार आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्या संस्था दरवर्षी हाच प्रश्न सोडवीत असतात. त्यांनी निवडलेल्या शब्दाला ‘वर्षाचा शब्द’ असे म्हणतात.

ही प्रथा जर्मनीत सुरू झाली. तेथील जर्मन भाषा संस्थेने १९७१ मध्ये असा शब्द प्रथम निवडला आणि १९७७ पासून ती दरवर्षी निवड करीत आली आहे. वर्षभराची वृत्तपत्रे व अन्य लेखन यांतून शब्द गोळा केले जातात. लोकही आपल्या सूचना कळवितात. मग जाणकारांचे एक मंडळ त्यांतून दहा शब्दांची यादी करते व पहिल्या शब्दाला मान देते. शब्द किती वेळा छापला गेला, एवढेच हे मंडळ पाहत नाही. त्या वर्षी लोकांच्या मनात काय चालले होते हे त्या शब्दातून कळते की नाही, याला ते अधिक महत्त्व देते. १९८९ साली त्याने ‘प्रवासाचे स्वातंत्र्य’ या अर्थाचा शब्द निवडला. तोपर्यंत पूर्व जर्मनीतील नागरिकांना पश्चिमेकडे मोकळेपणाने जाता येत नसे. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत खुली झाली. लक्षावधी माणसांची अनेक वर्षांची इच्छा त्या एका शब्दात सामावलेली होती.

सर्वच संस्थांची रीत मात्र सारखी नाही. अमेरिकेतील बोलीभाषांचा अभ्यास करणारी संस्था १९९० पासून शब्द निवडते. तिच्या सभेत निरनिराळ्या शब्दांच्या बाजूने व विरुद्ध भाषणे होतात आणि मग मते घेतली जातात. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश वेगळा हिशेब करतो. वाचकांनी कोणत्या शब्दाचा अर्थ कोशात अधिक वेळा पाहिला आणि मागील वर्षापेक्षा ही संख्या किती वाढली, हे तो मोजतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड कोशाचे संपादक अफाट लेखनसंग्रहात कोणता शब्द एकाएकी वाढला याचा शोध घेतात.

रीत बदलली की उत्तरही बदलते. २०२० साली करोनाच्या साथीने सारे जग ग्रासले होते. त्या वर्षी मेरियम-वेबस्टरने ‘महासाथ’ या अर्थाचा शब्द निवडला. कॉलिन्स या कोशाने ‘लॉकडाऊन’ हा शब्द पसंत केला. ऑक्सफर्डने तर या वर्षासाठी एक शब्द पुरेसा नाही असे ठरवून अनेक शब्दांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिघांपैकी कोणी चुकले असे म्हणता येणार नाही. प्रत्येकाने वेगळी कसोटी लावली होती.

आपल्या देशातही असा प्रयत्न झालेला आहे. ऑक्सफर्डने हिंदीसाठी २०१७ या वर्षाचा शब्द म्हणून ‘आधार’ हा शब्द निवडला. हा शब्द मराठीतही आहे आणि तो नवा नाही. वेलीला मांडवाचा आधार असतो, म्हाताऱ्या माणसाला काठीचा आधार असतो. परंतु ओळखपत्राला ते नाव मिळाल्यापासून त्याच शब्दाला एक नवा अर्थ प्राप्त झाला आणि तो घरोघरी बोलला जाऊ लागला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वर्षाचा शब्द नवाच असला पाहिजे असे नाही. जुन्या शब्दाला त्या वर्षी नवे वजन आले असले, तरी पुरे.

जपानमधील पहिली निवड तर पाटणच्या मुलांना विशेष जवळची वाटेल. तेथे शब्दाऐवजी वर्षाची चित्रलिपीतील एक खूण निवडतात. लोक आपली मते पाठवितात. डिसेंबर महिन्यात क्योतो नगरातील कियोमिझु मंदिराचे प्रमुख भिक्षू ती खूण मोठ्या कुंचल्याने भल्या मोठ्या कागदावर सर्वांसमक्ष रेखाटतात. ही प्रथा १९९५ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी १७ जानेवारीला कोबे शहराच्या परिसरात भूकंप होऊन सहा हजारांहून अधिक माणसे दगावली होती. लोकांनी जी खूण निवडली, तिचा अर्थ होता ‘हादरणे’.

आता पुन्हा पाटणच्या त्या कल्पित वर्गाकडे वळू. १९६७ साठी फळ्यावर चार शब्द लिहिले आहेत : भूकंप, हादरा, धरण, कोयना.

‘भूकंप’ या शब्दाच्या बाजूने बोलणारी मुलगी म्हणेल, “त्या वर्षीची सर्वांत मोठी घटना हीच. शब्द जुना असला, तरी त्या पहाटेनंतर तो घराघरांत शिरला.” दुसरा मुलगा म्हणेल, “भूकंप हा छापील शब्द झाला. घरातील वडीलधारी माणसे ‘हादरा बसला’ असेच म्हणतात. शिवाय मोठ्या धक्क्यानंतरही या भागात लहानमोठे हादरे पुढे कित्येक वर्षे बसत राहिले. जो शब्द लोकांच्या तोंडी होता, तोच निवडावा.” तिसरी मुलगी ‘धरण’ या शब्दाचा कैवार घेईल. जलाशयात साठलेल्या पाण्यामुळे हा भूकंप घडून आला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, हे ती सांगेल. मात्र तिला कोणी विचारील, “ते मत पुढील अभ्यासातून पक्के होत गेले. १९६७ साली लोक काय बोलत होते, हे त्यावरून कसे ठरेल?” हा आक्षेप महत्त्वाचा आहे. वर्षाचा शब्द त्या वर्षाच्या माणसांचा असावा लागतो. मागाहून आलेले शहाणपण त्यांच्या तोंडी घालता येत नाही.

चौथा मुलगा ‘कोयना’ हे नाव सुचवील. पूर्वी ते केवळ एका नदीचे नाव होते. धरण झाल्यावर ‘कोयनेची वीज’ असे लोक म्हणू लागले. १९६७ नंतर तेच नाव भूकंपशास्त्राच्या ग्रंथांतून जगभर गेले. यावरही कोणी म्हणेल की, हे विशेषनाम आहे; त्याला शब्दकोशात सहसा जागा मिळत नाही.

या चौघांपैकी कोणाचे म्हणणे ग्राह्य मानावे? त्यासाठी पुरावा पाहिजे. त्या महिन्यातील वृत्तपत्रे चाळली पाहिजेत. कोणाच्या घरी जुनी पत्रे असतील, तर ती वाचली पाहिजेत. ती पहाट ज्यांनी अनुभवली, त्यांना विचारले पाहिजे. मनाला आवडला म्हणून शब्द निवडणे सोपे असते. निवडीमागे कारण आणि कारणामागे पुरावा असला, म्हणजेच त्या निवडीला किंमत येते.

वर्षाचा शब्द निवडणे आणि शब्दकोशात शब्द घेणे या दोन गोष्टी एकच मानू नयेत. वर्षाचा शब्द बारा महिन्यांची साक्ष देतो. पुढे तो विसरला गेला तरी चालते. शब्दकोशाला मात्र टिकाऊ शब्दांची गरज असते. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी शास्त्र्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या संपादक मंडळाने ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध केले. अशा कोशकारांना ग्रंथांतील शब्दांबरोबर लोकांच्या बोलण्यातील शब्दही वेचावे लागतात. अर्थ बदलला, तर तोही नोंदवावा लागतो. ‘टाळेबंदी’ हा शब्द पूर्वी मुख्यतः मालकाने कारखाना बंद ठेवण्याविषयी वापरीत. २०२० साली सारे गाव घरात बसले, तेव्हा त्यालाही तोच शब्द लागू झाला. हा नवा अर्थ किती टिकतो, हे पुढील कोशकारांना पाहावे लागेल.

१९६७ च्या त्या पहाटे पाटण तालुक्यात जी मुले दहा-बारा वर्षांची होती, त्यांनी आता सत्तरीच्या आसपासचे वय गाठले आहे. अंधारात घराबाहेर धावताना आईने कोणता शब्द उच्चारला, शेजाऱ्यांनी काय म्हणून हाक मारली, हे त्यांच्या स्मरणात असेल. तो शब्द ‘भूकंप’ असेल किंवा ‘हादरा’ असेल. कदाचित या यादीत नसलेला एखादा तिसराच शब्द असेल. त्यांना कोणी विचारले आणि वहीत उतरून घेतले, तरच तो पुढच्या पिढीला कळेल. कोशकाराचे काम असेच सुरू होते. त्यासाठी मोठे ग्रंथालय जवळ असावे लागत नाही. ऐकण्याची आणि अचूक लिहून घेण्याची सवय असावी लागते.

स्वाध्याय

१. २०२० साली तीन कोशांची उत्तरे वेगवेगळी का आली?
२. ‘आधार’ व ‘टाळेबंदी’ या शब्दांचे जुने व नवे अर्थ सांगून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
३. ‘धरण’ या शब्दावर घेतलेला आक्षेप तुमच्या शब्दांत लिहा. तो तुम्हांला पटतो काय?
४. घरातील वृद्ध माणसांना त्यांच्या लहानपणीचे एखादे न विसरता येणारे वर्ष विचारा. त्या वर्षाचा शब्द निवडा व निवडीची कारणे आठ-दहा ओळींत लिहा.