रकमेपुढचा रिकामा चौकोन

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याची जगभर मानली जाणारी यादी म्हणजे युनिकोड. त्या आकड्याचे चित्र पडद्यावर काढण्याचे काम फाँटचे. यादीत आकडा आहे पण फाँटमध्ये चित्र नाही, असे झाले की तिथे रिकामा चौकोन उमटतो. एरवी आपण तिकडे दुर्लक्ष करतो. पैशाच्या कागदावर मात्र तो महागात पडतो.

आपल्या रुपयाचेच पाहा. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालून उदयकुमार यांनी काढलेले ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला ८३७७ हा क्रमांक मिळाला. जुन्या ₨ चा ८३६० हा क्रमांकही कायम आहे, कारण एकदा दिलेला क्रमांक युनिकोड काढून घेत नाही. तीन महिन्यांत क्रमांक मिळणे म्हणजे विलक्षण वेग! पण लोकांना तेवढाही धीर नव्हता. कीबोर्डवर १ च्या डावीकडे ` असे चिन्ह असते, त्याच्या जागी रुपयाचे चित्र बसवलेला एक फाँट तेव्हा भारतात खूप फिरला. स्वतःच्या संगणकावर ₹५०० झकास दिसे. तोच मजकूर दुसरीकडे उघडला की `५००. आत आकडा जुनाच, बदलला होता फक्त मुखवटा.

युरोची गंमत वेगळी. १९९८ मध्ये युनिकोडने त्याला ८३६४ क्रमांक दिला, पण तेव्हा बरेच संगणक २५६ जागांच्या छोट्या याद्या वापरत. विंडोजने युरो १२८ व्या जागी बसवला, तर १९९९ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने १६४ व्या!

आता हाच प्रकार आपल्या आखातात चालू आहे. सौदी रियालचे नवे चिन्ह फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले आणि सप्टेंबरमध्ये युनिकोडच्या १७.० आवृत्तीत त्याला ८३८५ क्रमांक मिळाला. इथल्या मध्यवर्ती बँकेने दिरहामचे चिन्ह मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. त्या आवृत्तीत ते नाही. शिवाय क्रमांक मिळाला तरी जुन्या यंत्रांपर्यंत नवे फाँट पोचतातच असे नाही.

आपल्या एका स्नेह्यांनी सुट्टीत पुण्याला हर्नियाची शस्त्रक्रिया करून घेतली. इथल्या विमा कचेरीत त्यांच्या बिलावर रकमेआधी चौकोन दिसला, चलन कोणते अशी शंका निघाली आणि पैसे दीड महिना अडकले.

म्हणून वाचकहो, बिल, भाडेकरार किंवा बँकेचे पत्र यांत चिन्हावर विसंबू नका. आयएनआर, एईडी, एसएआर ही तीन अक्षरी चलननावे रोमन लिपीत लिहा. ती कुठल्याही यंत्रावर उमटतात. नुसते ‘आरएस’ही नको, कारण पाकिस्तान, नेपाळ, मॉरिशस इथेही रुपयाच आहे. भारतातल्या रुग्णालयाकडून बिल घेतानाच तसे सांगावे आणि रक्कम अक्षरी लिहून घ्यावी. तीही लाखात नको, ‘हंड्रेड थाउजंड’ अशी. इथल्या कारकुनाला १,००,००० मधले स्वल्पविराम चुकलेले वाटतात. फाईल पीडीएफ करताना फाँट आत समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा.

जाता जाता: इंग्रजी एसएमएसमध्ये एकच ₹ घातले तरी १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते.