कोला आणि सुटलेलं पोट

प्रश्न : वय २३. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. जागरणासाठी रोज अर्धा लिटर कोला लागतो. जेवण पूर्वीइतकंच, तरी पोट सुटलंय. असं का?

उत्तर : बाटलीवरचा तक्ता वाचा. १०० मिलिलिटरला साधारण १०.६ ग्रॅम साखर, म्हणजे तुमच्या पोटात रोज ५० ग्रॅमच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. पेयातल्या साखरेनं भूक भागत नाही, म्हणून जेवण कमी होत नाही. तिच्यातल्या जादा फ्रुक्टोजची यकृतात चरबी होते. दारूला न शिवलेल्या तरुणांच्या सोनोग्राफीतही ‘फॅटी लिव्हर’ दिसतं, याची मला खरोखर काळजी वाटते. घोट घोट पीत बसलात तर दातही किडतात. कोला बंद करा, तहानेला पाणी किंवा ताक घ्या. उपाशीपोटीची साखर एकदा तपासाच.