'येस मॅम' म्हणालं, म्हणून खोटं बोललं असं नाही

डायरीत मॅडमचा शेरा येतो, 'खोटं बोलतो', आणि आपलं डोकंच फिरतं. दिवसभराची दगदग, कुकर लावायचा राहिलेला, त्यात हे. मग आपण सगळेच पोराला समोर उभं करतो. ते रडवेलं होऊन सांगतं, "मी खरंच सांगितलं होतं." आपल्याला वाटतं, वरून उलट बोलतंय.

अशा वेळी मॅडमनी नेमकं काय विचारलं होतं, ते त्याच्या तोंडून ऐकून घ्या. पुष्कळदा प्रश्न असतो, "डिडन्ट यू डू युअर होमवर्क?" आणि पोर म्हणालेलं असतं, "येस, मॅम." त्याच्या मनात असतं, 'हो, नाही केला.' मॅडमना ऐकू येतं, 'केला.' वही उघडतात तर पान कोरं. वर्गासमोर खोटारडा ठरल्यावर त्या जिवाला काय वाटत असेल! आपलं काय चुकलं, हेही त्याला कळलेलं नसतं.

आपल्याकडे "जेवला नाहीस ना?" म्हटलं की "हो, नाही जेवलो" असं उत्तर सहज येतं. समोरचा बरोबर बोलला, म्हणून 'हो'. इंग्रजीत तसं चालत नाही. केलं असेल तर 'येस', केलं नसेल तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. जपानी मुलांचीही इंग्रजी शिकताना इथेच गल्लत होते.

आपल्या नागपुरात तर घरी मराठी आणि गल्लीत, सीताबर्डीच्या दुकानांत हिंदी. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हा हिंदी काही आज आलेली नाही. "हाँ, नहीं किया" हेही पोराच्या कानावरचंच. दोन भाषा एका रीतीच्या आणि तिसरी वेगळी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, पण ही खोच समजावून सांगायला वर्गात कुणाला वेळ असतो? म्हणून मॅडमना भेटून एवढं नक्की सांगा. त्याही बहुधा मराठी-हिंदीतच वाढलेल्या असतात, त्यांना पटेल.

आणि पाहुण्यांसमोर पोर "आय ॲम ॲग्री" म्हणालं, तर हसू नका. 'मी सहमत आहे' यातला 'आहे' त्याने इमानाने तिकडे नेलेला असतो. नुसतं "आय ॲग्री" म्हणतात, हे पाहुणे गेल्यावर सांगता येतं. एकदा हसलं गेलं की ते पोर पुढे गप्प बसतं, आणि ते गप्प बसणं मला चुकीच्या इंग्रजीपेक्षा फार वाईट वाटतं.

घरातल्या 'ओके' आणि 'फाइन'चंही तसंच. "शनिवारी अबॅकसचा क्लास लावू ना?" "फाइन." आपण लगेच फी भरून मोकळे. पण मोबाइलवरून मान वर न करता आलेलं ते 'फाइन' म्हणजे कितीदा तरी 'तुम्ही ठरवलंच आहे, तर आता काय बोलू' एवढंच असतं.

यात आपल्या प्रश्नांचाही वाटा आहे. "झालं ना?", "समजलं ना?", "आवडला ना क्लास?" उत्तर आपणच हातात देतो. आपला दमलेला चेहरा पोरांना बरोबर वाचता येतो. आईबाबांना आणखी त्रास नको, म्हणून ती 'हो' म्हणून टाकतात. आपल्याला घाई असते, त्यात वाईट हेतू नसतो. पण पोराला न समजलेलं गणित तसंच राहतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दोघांच्याही डोळ्यांत पाणी येतं.

तेव्हा आज "झालं ना?" ऐवजी "काय राहिलं?" असं विचारून बघा. "नाही आवडलं" असं उत्तर आलं, तर लगेच समजवायला जाऊ नका. गॅस बारीक करा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत तिथेच बसा.