पशुधनाची गुणवत्ता : एका प्रतिष्ठित व्यवसायाची ओळख

संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत, जेथे शेतीच्या जोडीला पुष्कळ घरी बकऱ्या पाळल्या जातात, तेथे बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलाने वा मुलीने पशुवैद्यक होऊन मांसाच्या गुणवत्तेचे काम करण्याची इच्छा बोलून दाखवली, की पालकांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात : हे काम प्रतिष्ठेचे आहे काय, आणि त्यात चरितार्थाची शाश्वती आहे काय?

पहिल्या शंकेचे निरसन कामाच्या स्वरूपातूनच होते. कत्तलखान्यातील पशुवैद्यक प्रथम जनावर उभे असताना आणि चालताना पाहतो. ताप, लंगडणे किंवा नाकातोंडातील स्राव दिसल्यास त्यास वेगळे काढतो. नंतर यकृत, फुप्फुस व लसिकाग्रंथी तपासतो. फुप्फुसात पाण्याने भरलेली जंताची गाठ आढळली, तर तो अवयव नष्ट करवितो. कारण तो कुत्र्याने खाल्ला, तर त्याच्या आतड्यात जंत वाढून त्यांची अंडी अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जाऊ शकतात. ज्याच्या दक्षतेने हे संकट टळते, त्याचा व्यवसाय लोकारोग्याचा आहे. शाकाहारी कुटुंबानेही त्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मात्र गुणवत्तेचा आरंभ गोठ्यातच होतो. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला, लसीकरणाची तारीख, दिलेले औषध आणि त्याचा अंश शरीरातून जाईपर्यंत विक्री थांबविण्याची मुदत, एवढ्या नोंदी चोख असल्या, म्हणजे खरेदीदाराला विश्वासाचा आधार मिळतो. ब्रिटनमध्ये ‘रेड ट्रॅक्टर’ ही योजना २००० सालापासून शेत ते विक्री अशी सलग तपासणी करते. आपल्याकडे म्हशीच्या मांसाच्या निर्यातीसाठी, १९८६ साली स्थापन झालेल्या ‘अपेडा’ या निर्यात विकास प्राधिकरणाकडे नोंदलेले कारखाने कडक शिस्त पाळतात, आणि अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदाही आहे. परंतु चार बकऱ्या पाळणाऱ्यापर्यंत ही साखळी पोचविण्याचे काम बरेच बाकी आहे, आणि ते करणाऱ्या जाणत्या तरुणांची या मुलखाला गरज आहे.

आता चरितार्थाविषयी. पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम एका वर्षाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह साडेपाच वर्षांचा असून, त्याचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. नागपूरचे महाविद्यालय जवळ असले, तरी तेथील राज्याच्या जागा महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. आपल्या मुलांनी मध्य प्रदेशाचा मूळ निवासी दाखला वेळेवर काढून जबलपूर, महू व रीवा येथील महाविद्यालयांकडे पाहावे, आणि पंधरा टक्के अखिल भारतीय जागांसाठीही अर्ज करावा. पुढे पशुजन्य पदार्थ तंत्रज्ञान किंवा पशुवैद्यकीय लोकारोग्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मांसविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था हैदराबादेत आहे. पशुसंवर्धन खाते, नगरपालिका, निर्यात कारखाने व प्रयोगशाळा ही नोकरीची क्षेत्रे होत. पदवी साधली नाही, तर पशुपालनाची पदविका, अन्नतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र हे मार्गही याच क्षेत्राकडे नेतात.

सरकारी जागा मर्यादित असतात, म्हणून पालकांनी केवळ नोकरीच्या आशेवर निर्णय घेऊ नये, आणि प्रवेशासाठी दलालाच्या हाती पैसा तर मुळीच देऊ नये. त्याऐवजी सुटीत मुलाला जवळच्या पशुचिकित्सालयात डॉक्टरांच्या परवानगीने काही दिवस बसू द्यावे. जखम पाहून त्याचे मन विटते, की ती का चिघळली हे विचारण्याची जिज्ञासा जागी होते, यावरून त्याच्या कलाचा अंदाज कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा अधिक खात्रीने येईल.